हद्द

बसच्या कपाळावरची कानडी
पहिली दोन वर्षं मी आकारावरून ओळखायची.
आता वाचते. सहीसुद्धा करते कानडीत
हजेरीपटावर, तांदळाच्या साठ्यावर, अंड्यांच्या हिशेबावर,
आणि फळ्याशी येऊन मराठीत श्वास सोडते.
बावीस पोरं. चार वर्ग. एक खोली,
आणि एक गळकी.

आमच्याकडं हद्द म्हटलं की माणसं आवाज चढवतात.
नकाशे निघतात, साल निघतात,
चुलतसासरे अजून कोर्टाची तारीख विचारतात
दूधवाल्याला.
शाळा कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते
हे मात्र कुणी काढलं नाही बोलण्यात.
मीही नाही.

रात्री नऊला फोन थरथरतो डाळीच्या डब्याशेजारी.
बाई, लगमाण्णाला ताप आलाय, उद्या पाठवू काय?
बाई, आधारची झेरॉक्स एक का दोन?
साडेनऊला वरून: आकडा जुळत नाही, आत्ता भरा.
एक अंडं कमी.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून
मी ते अंडं शोधत बसते.
सोमवारी भावकूनं खिशात घातलेलं, घरच्या बारकीसाठी.
मी बघितलेलं. खिडकीकडं तोंड फिरवलेलं.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

वडगावातली आमची गल्ली मागांच्या ठेक्यावर जगते.
खटाखट, खटाखट,
त्याच्या वरून ओरडायचं, मीठसुद्धा ओरडून मागायचं.
त्यामुळं माझा वर्गातला आवाज
घरी कुणाच्या लक्षात आला नाही
बरीच वर्षं.
परवा तनुजानं दुसऱ्या भाकरीसाठी
बोट वर केलं.
एकच, ताठ.
ती हसत नव्हती.
आणि मी म्हणाले, "हं, बोल."

तेवढ्यात करंट गेला.
सगळे माग एकदम थांबले, गल्ली विहिरीएवढी खोल झाली.
परशराम अंधारात हात पुसत म्हणाला,
"माझं काम बटणावर बंद होतंय बघ.
तुझं बटण कुठं आहे?"
बाईला उत्तर आलं नाही.

कानडी शाळेतली शिवलीला माझ्याच बसला असते.
येताना वह्या काढत नाही, मटार सोलते,
सालं पदरात, दाणे डब्यात.
एकदा विचारलं, तुला कसं जमतं?
तर तिच्या मराठीत म्हणाली,
"कुसमळीचा पूल आला की मी शाळा टाकते मलप्रभेत.
सकाळी परत काढते.
वल्ली असती जरा. वाळती दहा वाजेपर्यंत."

पहिल्या दिवशी पूल आला आणि गेला,
मी गुणाकारात होते.
दुसऱ्या दिवशी पिशवी बंद केली, पण मांडीवर ठेवून,
कुणाचं तरी लेकरू धरल्यासारखी.
तिसऱ्या दिवशी बस पुलावरच बंद पडली.
वीस मिनिटं.
खाली पाणी, त्यात दोन म्हशी, एक पोरगं.
पोरगं माझ्या शाळेतलं नव्हतं.
किती दिवसांनी बघत होते मी
एखादं पोरगं, हजेरी न घेता.

आता घरी आल्यावर फोन
जुन्या धोट्यांच्या खोक्यात ठेवते.
वाजतो तिथंच, लाकडात, भुंग्यासारखा.
सासूबाई म्हणतात, काढ की, साहेबांचा असेल.
असेल.
तनुजा मधेच बोलते, भरल्या तोंडानं बोलते,
माझं वाक्य अर्ध्यात तोडते.
मी तिला गप्प करायला तोंड उघडते,
आणि भाकरी घालते त्यात.

रोज जमत नाही.
काल खोकं दोनदा उघडलं.
एकदा लगमाण्णाच्या आईसाठी:
पाठवू नका, झोपू दे त्याला.
दुसऱ्यांदा उगाच.

अंडं अजून
एकानं कमीच आहे.